काठीवाला व्हॅक्यूम घ्यायचा का? आधी आठवडाभर घरातला केर बघ

पत्र असं आहे:

"ताई, आमच्या घरात तीन खोल्या आणि हॉल, सगळीकडे फरशी, हॉलमध्ये एक मोठा गालिचा. लांब केसांची मांजर आहे. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला धुळीची ॲलर्जी, सकाळी उठला की शिंका सुरू. आई आमच्याकडेच असते, एकाहत्तर वर्षांची आहे, दुपारी झाडू तीच मारते, मनगट दुखतं तरी ऐकत नाही. वायरवाला मोठा व्हॅक्यूम आहे पण तो माळ्यावर असतो, महिन्यातून एकदा खाली येतो. मला तो कॉर्डलेस काठीवाला घ्यायचाय. नवरा म्हणतो ती खेळणी आहेत, वर्षभरात बॅटरी बसते आणि मग कोपऱ्यात पडून राहतं. तुम्हीच सांगा, घ्यावा का? आणि घेतला तर जुना काढून टाकू का? — धुळीला वैतागलेली"

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीयस, मोठा व्हॅक्यूम माळ्यावर असतो आणि महिन्यातून एकदा खाली येतो. मला तिथेच अर्धं उत्तर मिळालं. तुझ्याकडे ताकदवान मशीन आधीपासून आहे, ताकद कमी पडतेय म्हणून घरात धूळ नाहीये, मशीन काढायचं जिवावर येतं म्हणून आहे. स्टूल घ्या, माळ्यावर चढा, तो जड डबा खाली उतरवा, नळी जोडा, वायर सोडा, प्लग शोधा, खोली बदलली की परत प्लग बदला आणि शेवटी सगळं गुंडाळून परत वर, एवढं सगळं एका मांजरीच्या केसांसाठी कोण करणार? म्हणून आई झाडू घेते.

म्हणून मी तुला कुठलं मॉडेल चांगलं ते आधी सांगणार नाही. आधी हे बघायचं की तुमच्या घरात केर होतो कसा आणि तुम्ही तो काढता कसा. रोज थोडा थोडा होतो आणि रोज थोडा थोडा काढायचा असतो, का आठवडाभर साठू देऊन सुट्टीच्या दिवशी सगळं घर एकदम उपसायचं असतं? काठीवाला व्हॅक्यूम पहिल्या प्रकारच्या घरासाठी आहे. दुसऱ्या प्रकारच्या घरात तो माणसाला रडवतो, दोन खोल्या झाल्या की बॅटरी संपते आणि मग चार तास चार्जिंगला लावून बसा.

तर आठवडाभर एक काम कर. वही नको, फ्रीजवर एक कागद लाव. आई किंवा तू, जी कोणी झाडेल तिने फक्त किती मिनिटं लागली आणि जास्त केर कुठे होता एवढंच लिहायचं. मोबाईलवर वेळ लावा, अंदाजाने नको, कारण अंदाज हमखास चुकतो, आपल्याला अर्धा तास वाटतो आणि निघतात बारा मिनिटं. कागदावर रोजचे दहा ते वीस मिनिटांचे आकडे आले तर तुझं घर या मशीनमध्ये बसतं. एकाच दिवशी सलग पन्नास मिनिटं आणि बाकी दिवस कोरे असं आलं तर थांब आणि मला परत लिही.

आता बॅटरीचं, कारण नवऱ्याचा मुद्दा तिथेच आहे आणि तो पूर्ण चुकीचा नाहीये.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ६० मिनिटं चालतो. ही ६० मिनिटं सगळ्यात कमी ताकदीच्या मोडवरची असतात, आणि बऱ्याचदा पुढे मोटरवाला ब्रश न लावता, नुसतं साधं तोंड लावून मोजलेली असतात. तुम्ही घरात तसं वापरणारच नाही. त्यापेक्षा बॅटरीवरचे दोन आकडे बघ, व्होल्ट आणि एमएएच. समजा २१.६ व्होल्ट आणि २५०० एमएएच आहे, तर आधी २५०० ला हजाराने भाग, २.५ आलं, मग २१.६ ला २.५ ने गुण, ५४ आलं, म्हणजे त्या बॅटरीत ५४ वॉट-अवर इतकी वीज मावते. आता मशीन फुल पॉवरला ४०० वॉट खात असेल तर ५४ भागिले ४००, हे तास झाले, मिनिटं काढायला ६० ने गुण, साधारण ८ मिनिटं. बस. मधल्या मोडवर १५० वॉट धरले तर वीस-बावीस मिनिटं, आणि इकोवर, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीच्या मोडवर, ७० धरले तर पाऊण तास. तीच बॅटरी आठ मिनिटं पण चालते आणि पाऊण तास पण चालते, म्हणून एक शेजारीण म्हणते छान चालतो आणि दुसरी म्हणते फसवलं, दोघीही खरंच बोलत असतात.

हा हिशोब दुकानात उभं राहून मोबाईलवर करता येतो आणि मला वाटतं प्रत्येकाने करावा. विकणारा माणूस मिनिटं सांगेल, तू त्याला विचार की मधल्या मोडवर, मोटरवाला ब्रश लावून किती? तिथे गडबडला तर समजून घे.

फरशीवर इको पुरतो बरं का, हे लक्षात ठेव. सपाट फरशीवरची धूळ आणि केस उचलायला फार ताकद लागतच नाही. ताकद लागते गालिच्याला. तुमच्याकडे तीन खोल्या फरशी आणि एक गालिचा, म्हणजे बारा मिनिटं इको आणि गालिच्यावर तीन-चार मिनिटं जोरात, एवढं एका चार्जमध्ये आरामात बसतं. गणित तुझ्या बाजूने आहे.

आता वर्षभरात बॅटरी बसते त्याबद्दल. लिथियम बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, चपलेच्या तळासारखी, वापरली की झिजणार. साधारणपणे पूर्ण चार्जच्या ३०० ते ५०० फेऱ्या झाल्या की तिची क्षमता सुरुवातीच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. आणि अर्धी वापरून परत चार्ज केली तर ती अर्धीच फेरी धरायची. आता तूच बघ, जो माणूस रोज फुल पॉवरला लावून बॅटरी पूर्ण संपवतो त्याच्या ३०० ते ५०० फेऱ्या दहा महिने ते दीड वर्षात झाल्या, म्हणजे नवरा ज्यांचं ऐकून बोलतोय ते लोक बहुतेक असे वापरणारे असणार. तू रोज पंधरा मिनिटं इकोवर वापरलास तर रोजची एक तृतीयांश फेरी, तेवढ्याच फेऱ्यांना अडीच ते चार वर्षं लागतात. उन्हात, गरम खोलीत ठेवलास तर ते कमी होणार, उष्णतेने लिथियमचं वय भराभर वाढतं, म्हणून त्याचं चार्जिंगचं स्टँड खिडकीच्या उन्हात किंवा शेगडीजवळ लावू नका. आणि नुकतंच गरम झालेलं मशीन लगेच चार्जिंगला टांगायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ दे.

खेळणं या शब्दाबद्दल पण नवऱ्याला सांग, तो शब्द एका काळी बरोबर होता. बिनवायरीचे छोटे व्हॅक्यूम नवीन नाहीत, ब्लॅक अँड डेकरचा डस्टबस्टर १९७९ मध्ये आला होता, हातात धरून चुरा उचलायचा. तेव्हा निकेलच्या बॅटऱ्या, जड, आणि नुसत्या पडून राहिल्या तरी आपोआप उतरायच्या. तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत त्याच्या कितीतरी पट वीज मावते, म्हणून हा सगळा प्रकार बदलला, इतका की २०१८ मध्ये डायसनने आता वायरवाल्या व्हॅक्यूमवर नवीन काम करणार नाही असं जाहीर करून टाकलं. याचा अर्थ वायरवाला संपला असा नाही हं, त्यावर येते पुढे. पण खेळणं आता म्हणता येणार नाही.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगते कारण तो मला अजून टोचतो. माझा पहिला काठीवाला व्हॅक्यूम मी सगळं बघून घेतला, वजन बघितलं, आवाज बघितला, फक्त बॅटरी निघते का हे बघायचं राहिलं. दोन वर्षांनी तो सहा मिनिटांवर आला. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले बॅटरी आतमध्ये बंद आहे, त्या मॉडेलची सुटी बॅटरी आता येत नाही, नवीन मशीन घ्या. मोटर ठणठणीत, ब्रश ठणठणीत, फिल्टर मी स्वतः धुऊन जपलेला, आणि सगळं भंगारात. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पैशाचं तर वाटलंच पण एवढी चांगली चालणारी वस्तू फक्त एका बंद डबीमुळे टाकून द्यायची हे मनाला पटलंच नाही. म्हणून तुला कळकळीने सांगते, बटण दाबून बॅटरी हातात निघते असंच मशीन घे, आणि सुटी बॅटरी आज विकत मिळते का ते घ्यायच्या आधी बघ, नंतर नाही. मिळत असेल तर दोन बॅटऱ्यांची सोय पण होते, एक मशीनमध्ये एक चार्जरवर. मात्र कुठल्याही नाव नसलेल्या स्वस्त बॅटरीच्या नादी लागू नकोस, लिथियमच्या खराब बॅटऱ्या पेट घेतात, यात तडजोड नाही. कंपनीची बॅटरी, कंपनीचाच चार्जर, आणि चार्जिंग गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून नाही.

सक्शनच्या, म्हणजे ओढीच्या आकड्यांवर एक मिनिट. तुला २५ हजार पास्कल, ३० हजार पास्कल असे आकडे दिसतील आणि डोकं गरगरेल. पास्कल म्हणजे मशीनचं तोंड पूर्ण बंद करून आत किती ओढ तयार होते ते, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना मोजलेलं. स्ट्रॉच्या टोकावर बोट ठेवून जोरात ओढ, गाल आत जातात, ओढ भरपूर, पण तोंडात काही येत नाही. धूळ उचलायला ओढ पण लागते आणि वाहती हवा पण लागते. दोन्ही मिळून जो आकडा होतो तो एअर वॉट, तो दिलेला असेल तर तो बघ. आणि मोटरचे वॉट म्हणजे नुसती ती किती वीज खाते ते, त्यावरून सफाई कळत नाही. खरं सांगू का, फरशीवाल्या घरात मी आकडे फार बघतच नाही, मी पुढचं तोंड बघते.

कारण काम तोंड करतं. तुझ्या घरासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा थांबून वाच.

दोन प्रकारचे रोलर असतात. एक कडक केसांचा, ब्रशसारखा, जो गालिच्यात घुसून धूळ झटकून वर काढतो. गालिच्यावर नुसत्या ओढीपेक्षा हे झटकणं जास्त काम करतं, म्हणून गालिचा असेल तर मोटरने फिरणारा रोलर हवाच, नुसतं सपाट तोंड चालणार नाही. पण हाच कडक रोलर फरशीवर जोरात फिरला की जाडसर कण, वाळू, मांजरीच्या ट्रेमधले खडे, हे सगळे मागे फेकतो, ते पायावर टक टक लागतात आणि खोलीभर पसरतात. दुसरा असतो मऊ, कापडासारखा, लठ्ठ रोलर, तो फरशीवरची बारीक धूळ पुसल्यासारखी उचलतो, खडे पण अलगद आत घेतो. तुला दोन्ही लागणार. काही मशीनसोबत दोन तोंडं येतात, काहींच्या एकाच रोलरवर मऊ कापड आणि ब्रशच्या ओळी दोन्ही असतात. एकच कडक ब्रश येत असेल तर तुझ्या घरासाठी ते मशीन नको, कितीही पास्कल असू देत.

मग केस. मांजरीचे तर आहेतच, आणि खरं तर मांजरीपेक्षा बायकांचे लांब केस रोलरला जास्त गुंडाळतात. दुकानात तोंड उलटं करून बघ, रोलर बाहेर काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो का नुसतं कळ फिरवून निघतो. महिन्यातून दोनदा तरी तुला तो काढून कात्रीने केस कापायचेत, तेव्हा स्क्रू असले की ते काम लांबणीवर पडतं, केस दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये शिरतात, रोलर अडकायला लागतो आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं.

गालिचा किती जाड आहे ते तू लिहिलं नाहीस. बोट आत बुडत असेल, लांब लोकरीचा असेल तर काठीवाला तिथे धापा टाकतो, तोंड चिकटून बसतं आणि ढकलताना मनगटावर जोर येतो. कडेला झालर असेल तर ती रोलरमध्ये ओढली जाते, तिथे साधं तोंड लावायचं.

आता आई. मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली.

या मशीनचं पूर्ण वजन साधारण अडीच ते तीन किलोच्या आसपास असतं आणि जाहिरातीत ते किती हलकं आहे तेच दाखवतात. पण प्रश्न तीन किलोचा नाहीये, ते वजन कुठे आहे त्याचा आहे. बहुतेक काठीवाल्यांत मोटर, बॅटरी आणि डबा तिन्ही वर, हाताच्या मुठीजवळ असतात. फरशीवर चालवताना थोडं वजन जमिनीवर जातं पण मुठीजवळचं वजन मनगटालाच सांभाळायचं असतं, आणि वळवताना तर जास्तच. ज्याचं मनगट आधीच दुखतंय त्याला झाडूपेक्षा हे जड पडू शकतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात काहींना ट्रिगर असतो, बोट दाबून धरलं तोवर चालणार, सोडलं की बंद. बॅटरी वाचते हे खरं, पण पंधरा मिनिटं बोट दाबून ठेवणं दुखऱ्या हाताला शिक्षाच आहे. आईसाठी एकदा दाबलं की चालू राहणारं बटणच हवं.

म्हणून आईला दुकानात घेऊन जा. तिला सांग, पाच मिनिटं खरंच चालव, नुसतं उचलून बघू नकोस. कपाटाखाली घालायला लाव, वळवायला लाव. डबा उघडायला लाव, कारण काही डब्यांची कळ इतकी घट्ट असते की माझंसुद्धा नख दुखतं. अशी पण मशीन असतात ज्यात मोटर खाली, तोंडाजवळ असते, वरची मूठ एकदम हलकी आणि ती स्वतःची स्वतः उभी राहतात. ती सोफ्याखाली नीट जात नाहीत, पंख्यावरची किंवा पडद्यावरची धूळ काढायला उचलायची म्हटली तर बेकार, पण रोजच्या फरशीसाठी आईच्या मनगटाला ती कदाचित जास्त मानवतील. दोन्ही तिच्या हातात देऊन बघ आणि ती सांगेल ते ऐक, तू ठरवू नकोस, कारण दुपारी वापरणार ती आहे. आणि दोन्ही चालवून सुद्धा हात दुखला तर आईच्या हातात मशीन द्यायचंच नाही, ते पंधरा मिनिटांचं काम घरात दुसऱ्याने घ्यायचं. नवऱ्याने घेतलं तर उत्तम, मशीन कोपऱ्यात पडून राहणार नाही याची खात्री त्याच्याच हातात राहील.

उभं राहण्यावरून आठवलं, मोटर वर असलेले काठीवाले स्वतः उभे राहत नाहीत. मध्येच दाराची बेल वाजली तर भिंतीला टेकवायचे आणि ते घसरून धाडकन पडतात. त्यामुळे त्याची जागा आधी ठरव, भिंतीवर स्टँड, जवळ प्लग, आणि ते पण माळ्यावर किंवा बाल्कनीतल्या कपाटात नाही, येता जाता हात जाईल अशा ठिकाणी. ही जागा घरात नसेल तर सहा महिन्यांनी हा पण माळ्यावर जाणार, मग नवरा बरोबर ठरेल.

मुलाच्या ॲलर्जीबद्दल जरा सावकाश बोलते कारण इथे लोक फसतात.

खोक्यावर हेपा लिहिलेलं असतं, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर. हेपा ही ठरलेली व्याख्या आहे, युरोपातल्या मापाप्रमाणे एच१३ दर्जाचा फिल्टर सगळ्यात अवघड आकाराचे कण सुद्धा ९९.९५ टक्के अडवतो, अमेरिकेत ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवले तर हेपा म्हणतात. पण हेपा टाईप, हेपासारखा, असं लिहिलेलं असेल तर त्याला काही बांधिलकी नाही, ते शब्द फक्त शब्द आहेत. आणि फिल्टर खरा असला तरी मशीनचे सांधे घट्ट नसतील तर धुळीची हवा फिल्टरला वळसा घालून बाजूच्या फटींतून बाहेर येते. म्हणून फिल्टरच नाही, पूर्ण मशीन सीलबंद आहे असं कंपनी स्पष्ट लिहिते का ते बघ.

तरी सगळ्यात जास्त धूळ नाकात जाते ती डबा रिकामा करताना. काठीवाल्याचा डबा छोटा, बहुतेकांचा अर्ध्या लिटरच्या आसपास, मांजरीचे केस फुगून बसतात त्यामुळे तुझा तर रोज भरणार. कळ दाबली की सगळं धप्पकन खाली पडतं आणि पिठासारखा ढग उठतो. मुलगा घरात नसताना, शक्यतो बाहेर नेऊन, डबा पिशवीच्या आत घालून मग कळ दाब, पिशवीचं तोंड हाताने आवळून धर. मास्क लाव. मुलाला हे काम देऊ नकोस, त्याला कितीही गंमत वाटली तरी. आणि सफाई पण तो शाळेत असताना कर, कारण उडालेली बारीक धूळ हवेत काही वेळ तरंगत राहते.

इथे तुझ्या जुन्या मशीनचा विषय येतो. तो पिशवीवाला आहे का? असेल तर तो सोन्यासारखा जप. पिशवीत धूळ बंद होऊन पिशवीसकट बाहेर जाते, ढग उठत नाही, ॲलर्जीच्या घरात हे फार मोठं सुख आहे. शिवाय वायरवाला ताकद कमी करत नाही, गादीवर दहा मिनिटं, गालिच्यावर पंधरा मिनिटं, तेवढ्याच जोराने ओढत राहतो. काढून टाकू नकोस. फक्त माळ्यावरून खाली आण. दिवाणाखाली, दारामागे, कुठेही, पण स्टूल न लागता हाताला येईल असा. सगळ्या गाद्या आणि गालिचा आठवड्यातून एकदा त्याने, रोजची फरशी आणि केस काठीवाल्याने. माझं तुला हेच उत्तर आहे.

आणि मुलाच्या शिंका सकाळी उठल्यावर येतात ना, मग संशय फरशीपेक्षा आधी गादीवर आणि उशीवर घ्यायला हवा. धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, गादीत राहतात आणि धाग्यांना धरून बसतात, व्हॅक्यूमने वरची धूळ आणि त्यांची घाण निघते पण जिवंत माइट्स सगळे निघत नाहीत. चादर, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धू, ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात ते मरतात. डॉक्टरांना दाखवलं नसशील तर दाखव, व्हॅक्यूम हे औषध नाही, आणि तू एवढ्या आशेने लिहिलंयस म्हणून मला हे स्पष्ट सांगावंसं वाटलं. मांजर त्याच्या उशीवर झोपत असेल तर ते पण बघ.

कधी घेऊ नये तेही सांगते, म्हणजे तुझ्या बहिणीने किंवा मैत्रिणीने विचारलं तर उपयोगी पडेल. घरभर जाड कार्पेट असेल तर नको. घर मोठं आणि सफाई आठवड्यातून एकदाच असेल तर नको, वायरवालाच बरा. घरात रंगकाम, तोडफोड, सिमेंट-प्लास्टरचं काम चालू असेल तर आत्ता मुळीच नको, ती पूड फिल्टर एका दिवसात गच्च करते आणि मोटरपर्यंत पोचते. आणि ओलं सांडलेलं उचलायला तर हा नाहीच, साध्या काठीवाल्यात पाणी गेलं तर मोटर आणि बॅटरी दोन्हीची वाट लागते, ओल्या-सुक्याची मशीन वेगळी असतात. रोबोटबद्दल तू विचारलं नाहीस म्हणून मी पण सोडून देते.

घेतलास तर एक सवय लाव, फिल्टर. सक्शन कमी झालं अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा फिल्टर भरलेला असतो किंवा नळीत मोज्यासारखं काहीतरी अडकलेलं असतं. धुता येणारा फिल्टर महिन्याला एकदा साध्या पाण्याखाली धू, साबण न लावता, आणि पूर्ण चोवीस तास वाळू दे, घाई करून ओलसर बसवलास तर कुबट वास येतो आणि मोटरला ओल लागते. सुटा फिल्टर एक जास्तीचा घेऊन ठेवलास तर ते चोवीस तास जाणवत नाहीत.

दुकानात जाशील तेव्हा या क्रमाने बघ: बॅटरी निघते का, दोन्ही प्रकारचे रोलर आहेत का, आईच्या हाताला बसतो का, डबा सहज उघडतो का, मधल्या मोडवर किती मिनिटं. रंग, स्क्रीन, पुढचे दिवे यांच्याकडे शेवटी बघ. तसे तोंडाला लावलेले दिवे सोफ्याखाली खरंच कामाचे असतात, धूळ चमकून दिसते, पण त्यासाठी बॅटरी बंद असलेलं मशीन घेऊ नकोस.

आणि मांजरीला पहिले दोन दिवस मशीन बंदच दाखव, नुसतं हॉलमध्ये आडवं ठेव, तिला हुंगू दे. मग दुसऱ्या खोलीत दार लावून इकोवर चालू कर. एकदम तिच्या शेजारी फुल पॉवर लावलास तर ती पलंगाखाली जाऊन बसेल, आणि तुला केस काढायचे असतील नेमके तिथलेच.